मशीन ठणठणीत, मास्क गळका

रुग्ण ६३ वर्षांचे गृहस्थ, बँकेतून निवृत्त. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही जुने, गोळ्यांवर आटोक्यात. दोन वर्षांपूर्वीच्या स्लीप स्टडीत (रात्रभर झोपेची नोंद घेणाऱ्या तपासणीत) झोपेत तासाला ३८ वेळा श्वास अडतो असं निघालं. हा आकडा ३०च्या वर गेला की ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, म्हणजे घसा मिटून झोपेत श्वास अडण्याचा आजार, तीव्र धरतात. त्यामुळे ऑटो सीपॅप सुरू झालं, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाची हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं आणि दाब गरजेप्रमाणे स्वतः बदलणारं मशीन. दाब ८ ते १४ सेंटिमीटर पाणी (हे हवेच्या दाबाचं माप), आणि तोंड उघडं टाकून झोपायची सवय म्हणून नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क. साताऱ्यात असताना सगळं सुरळीत होतं. मग दोघं नवरा-बायको मुलाकडे पुण्याजवळ वाघोलीला राहायला आले आणि त्यानंतर काही महिन्यांत कुरकुर सुरू झाली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मास्क बसवून देणं, मशीनच्या कार्डावरचा डेटा काढून डॉक्टरांपुढे ठेवणं हे माझं काम. दाब किती ठेवायचा ते डॉक्टर ठरवतात. हे प्रकरण मुद्दाम लिहिते आहे, कारण यात कोणी हयगय केली नव्हती. मास्क रोज न चुकता धुतला जात होता आणि काही अंशी त्या धुण्यानेच बिघडला होता.

तक्रार

पावसाळ्याच्या तोंडावर काका, काकू आणि मुलगा असे तिघंही मशीनची बॅग घेऊन आले. काकांचं म्हणणं एवढंच, "मशीनमध्ये पहिल्यासारखा जोर राहिला नाही, सगळी हवा बाहेर जाते." बाकीचं काकूंनी सांगितलं. रात्रभर फुस्स-फुस्स आवाज येतो. पहाटे तीनच्या सुमाराला काका मास्क काढून उशाशी ठेवतात आणि मग पुन्हा पहिल्यासारखं घोरणं सुरू. सकाळी डोळे लाल, चुरचुरतात. त्यासाठी थेंब आणून झाले. दुपारी पेपर हातात धरल्या धरल्या पेंग येते. नाकाच्या दांड्यावर लाल व्रण होता, तो मला समोरच दिसत होता.

मुलाची चौकशी वेगळी होती. मशीन विकणाऱ्याने फोनवरच निदान केलं होतं की मशीन जुनं झालं, एक्सचेंजमध्ये नवीन घ्या. न बघता मशीन बाद करणारे असे सल्ले आमच्याकडे नेहमी येतात. मी त्याला म्हटलं, आधी कार्ड लावून बघू.

कार्डावर काय होतं

सीपॅप मास्कमधून थोडी हवा सतत बाहेर जायलाच हवी. त्यासाठी मास्कवर बारीक भोकं असतात. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथून निघून जातो. दाब वाढला की ती हवाही वाढते. मशीनला हा हिशेब ठाऊक असतो. तो वजा करून उरते ती कडेने निसटणारी हवा, म्हणजे खरी गळती. काकांच्या मशीनच्या कंपनीने या गळतीची मर्यादा मिनिटाला २४ लिटर दिली आहे.

साताऱ्याच्या दिवसांत हा आकडा ८ ते १० लिटरच्या आसपास असे. आता तो ४५च्या पुढे गेला होता. वापर साडेसहा तासांवरून चार तासांच्या खाली उतरलेला. श्वास अडण्याचं प्रमाण तासाला ३ च्या आत असायचं, ते १२ झालेलं. आणि एवढ्या गळतीत मशीनची ही मोजणीही पूर्ण भरवशाची नसते, त्यामुळे १२ हा आकडा मी जपूनच वाचला.

मला महत्त्वाचं वाटलं ते आलेखाचं वळण. गळती एका रात्रीत वाढली नव्हती, महिन्यामहिन्याने चढत गेली होती. मशीन सांगितलेला दाब पोचवत होतं, मोटरची काही तक्रार नव्हती. श्वास अडला की ऑटो मशीन दाब वाढवतं, दाब वाढला की ढिल्या कडेतून आणखी हवा निसटते, तिचा झोत डोळ्यांवर जातो आणि माणूस जागा होतो. काकांची प्रत्येक रात्र याच क्रमाने चालली होती. हे चक्र दाब वाढवून तुटत नाही, म्हणून डॉक्टरांनीही दाबाला हात न लावता आधी मास्क सोडवायला सांगितला.

गळतीचा हा प्रश्न सीपॅपइतकाच जुना आहे. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या उपचाराचा पहिला अहवाल छापला. त्या काळी रुग्णाच्या नाकाच्या साच्यावरून मास्क घडवत आणि तो रोज रात्री सिलिकॉनच्या लुकणाने चेहऱ्याला चिकटवावा लागे. आजचं मऊ कुशन त्या लुकणाची जागा घेतं, आणि म्हणूनच सगळा खेळ कुशनच्या कडेवर असतो.

टेबलावर

मास्क सोडवला की चार भाग हातात येतात: चेहऱ्याला टेकणारं सिलिकॉनचं कुशन, त्याला धरणारी कडक फ्रेम, नळी जिथे जोडतात तो कोपरा आणि डोक्याचे पट्टे.

लांबून कुशन स्वच्छ दिसत होतं. खिडकीशी धरलं तेव्हा नाकाच्या दांड्यापाशी आणि हनुवटीच्या खाचेत पिवळट झाक दिसली. बोट फिरवलं तर कड बुळबुळीत लागली, धुऊन पुसल्यावरही तशीच. कुशनला आतल्या बाजूने एक अगदी पातळ पापुद्रा असतो. मशीन सुरू झालं की हवेने तो फुगतो आणि गालाला चिकटतो. हा पापुद्रा दाबून सोडला की लगेच पूर्ववत व्हायला हवा. काकांचा पडला तो पडलाच. काकूंनी तो स्वतःच्या बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर कुकरची रिंग झाली. सैल पडली की शिटीच होत नाही." मी पुढे काही समजावण्याची गरजच उरली नाही.

कुशन फ्रेममध्ये बसतं त्या खाचेत पांढरी रवाळ पूड होती. भोकांत तीच पूड. कोपरा दिव्यासमोर धरला तर काही भोकं पूर्ण बुजलेली, आणि दोन मात्र बाकीच्यांपेक्षा मोठी, कडा ओरबाडलेल्या. विचारलं तेव्हा काकूंनी सांगितलं की बुजलेली भोकं त्या टाचणीने उघडतात. भोकांचा आकार हा दाबाच्या हिशेबाचा भाग असतो, त्यामुळे टाचणी, सुई, दात-कोरणी काहीच तिथे घालायचं नाही. आणि बुजू तर मुळीच द्यायची नाहीत, कारण मग आपलाच उच्छ्वास आपण परत ओढतो. "हवा जाते" म्हणून या भोकांवर चिकटपट्टी लावून आलेले लोक मी पाहिले आहेत.

फुल फेस मास्कच्या कोपऱ्यात एक छोटी झडप असते. नाक आणि तोंड दोन्ही झाकलेलं, अशात वीज गेली आणि मशीन थांबलं तर ही झडप खाली पडते, बाहेरची हवा आत येते आणि माणूस श्वास घेऊ शकतो. मशीन चालू झालं की ती आपोआप मिटते. काकांच्या मास्कमधली झडप साबणाच्या वाळलेल्या थराने कडेला चिकटली होती. बोटाने ढकलली तेव्हा सुटली. मला त्या टेबलावरची सगळ्यात काळजीची गोष्ट हीच वाटली. पाऊस सुरू झाला की उपनगरातली वीज कशी वागते ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुशन गळकं असेल तर झोप मोडते, झडप अडकली तर गाठ श्वासाशी आहे.

पट्ट्यांना खोबरेल तेलाचा वास येत होता. वेल्क्रोत धागे आणि केस अडकून तो धरेनासा झालेला, म्हणून काका रोज पट्टा एक-एक घर आणखी आवळत गेले होते. नाकावरचा व्रण त्या आवळण्याचा. आवळलं की पातळ पापुद्रा चेपतो, फुगायला जागा राहत नाही आणि गळती वाढते.

मशीनमधल्या, हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या भांड्याच्या तळाशी पांढरी खरपुडी. मशीनचा फिल्टर काळा पडलेला. आजूबाजूला बांधकामं चालू असताना वाघोलीत दुसरं काय होणार. तो धुण्याजोगा नव्हता, तिथेच बदलला.

घरची पद्धत

काकूंना मी रोजचा क्रम विचारला. सकाळी मास्क काढल्यावर त्या तो गीझरच्या कढत पाण्यात बुडवत. त्यात जंतुनाशकाचं एक झाकण. भांड्यांच्या लिक्विडने घासून झाला की गच्चीत दोरीवर, कडक उन्हात. आठवड्यातून एकदा ओझोनच्या डब्यात, म्हणजे ओझोन वायूने जंतू मारण्याचा दावा करणाऱ्या यंत्रात. तो मुलाने ऑनलाइन मागवला होता. "नाकातोंडाची वस्तू आहे, म्हटलं जंतू राहायला नकोत." साताऱ्यात त्या नळाच्या साध्या पाण्याने आणि अंगाच्या साबणाने धूत आणि पडवीत वाळत घालत. म्हणजे तिथे पद्धत साधी होती आणि मास्क टिकत होता.

एकेक करून बघू. कढत पाण्याने प्लॅस्टिकची फ्रेम आणि झडप वाकडी होऊ शकते. काकांच्या मास्कच्या पत्रकात धुण्याचं पाणी साधारण ३० अंशांचं सांगितलं आहे. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी याहून गरम असतं. जंतुनाशक, ब्लीच, अल्कोहोल यांनी सिलिकॉन आणि प्लॅस्टिक कडक होतं, चिरतं, आणि त्यांचा अंश रात्रभर नाकाशी राहतो. ऊन लोणच्याच्या बरण्यांना चांगलं, सिलिकॉनला नाही. आणि टँकरचं पाणी. या भागातल्या सोसायट्यांमध्ये ते बहुधा बोअरचं असतं आणि जड असतं. मास्क त्याने धुऊन तसाच वाळवला की क्षार जिथल्या तिथे सुकतात. खाचेतली पूड, बुजलेली भोकं आणि भांड्यातली खरपुडी या तिन्हींचं मूळ तेच.

ओझोनच्या डब्याबद्दल मुलाशी थोडं बोलावं लागलं, कारण त्याने तो पैसे मोजून आणि वडिलांच्या काळजीने घेतला होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२० मध्येच जाहीर केलं की सीपॅप साफ करायला ओझोन किंवा अतिनील किरणं वापरणाऱ्या कोणत्याही उपकरणाला त्यांनी तोवर मंजुरी दिलेली नव्हती. ओझोन छातीत गेला तर खोकला, जळजळ, दम लागणं असे त्रास होऊ शकतात. पुढे जून २०२१ मध्ये फिलिप्सने मशीनच्या आतल्या फोममुळे आपली बरीच मशीन परत बोलावली, तेव्हाही कंपनीने म्हटलं होतं की ओझोनच्या सफाईने तो फोम आणखी लवकर झिजू शकतो. काकांचं मशीन दुसऱ्या कंपनीचं, पण त्यांच्या नळीला तो विजा कडाडल्यावर येतो तसा वास अजून होता.

हे सगळं खरं असलं तरी माझ्या मते कुशन मुख्यतः तेलाने संपलं. काका झोपताना टाळूवर खोबरेल चोळतात. व्रण पडल्यापासून ते नाकावर पेट्रोलियम जेलीही लावू लागले आणि त्यावर मास्क चढवू लागले. कुशन मऊ, पिवळं आणि बुळबुळीत होतं ते या तेलकटपणाने. चेहऱ्याचं स्वतःचं तेलही पुरेसं असतं, वर आपण भर घालायची गरज नसते. सकाळी कितीही घासलं तरी रात्रभर सिलिकॉन तेलातच बुडालेलं असेल तर उपयोग काय? मास्क धुण्याइतकंच, मास्क लावण्याआधी तोंड धुणं महत्त्वाचं आहे. हे कोणी सांगत नाही, कारण दुकानात त्याचं काही विकत मिळत नाही.

काय बदललं

फ्रेम शाबूत होती, ती ठेवली. कुशन नवीन, आणि भोकं टाचणीने मोठी झालेली म्हणून कोपरा नवीन. नुसतं कुशन पूर्ण मास्कच्या साधारण निम्म्या किमतीत पडतं. अनेकांना ते सुटं मिळतं हेच माहीत नसतं आणि ते एकतर जुनंच रेटतात किंवा सगळा मास्क बदलतात. अमेरिकेत सरकारी विमा फुल फेस मास्कचं कुशन दर महिन्याला आणि मास्क तीन महिन्यांनी देतो. आपल्याकडे खिशातून पैसे भरणाऱ्याने ते वेळापत्रक पाळावं असं मी कधी म्हणत नाही. गळतीचा आकडा बघावा, पापुद्रा दाबून बघावा, आणि दोन्ही बिघडले की बदलावं.

मग काकूंना लॅबच्या बेसिनपाशी नेलं आणि त्यांच्याच हातून मास्क धुवून घेतला. कुशन रोज, बाकी सगळं आठवड्यातून एकदा. साध्या किंवा जेमतेम कोमट पाण्यात लहान मुलांच्या शांपूचे दोन थेंब, बोटांनी हलकेच चोळायचं, खाच विसरायची नाही. भोकांना मऊ ब्रश. शेवटचा एक तांब्या आरओ फिल्टरच्या पिण्याच्या पाण्याचा, म्हणजे क्षार राहत नाहीत. पंचावर टिपून सावलीत, पंख्याखाली ठेवायचं. पट्टे पिळायचे नाहीत. वेल्क्रो लावून धुवायचे म्हणजे त्यात धागे अडकत नाहीत. नळी आतून धुऊन दोन्ही तोंडं खाली राहतील अशी दांडीवर टाकायची. पावसाळ्यात ती लवकर वाळत नाही, म्हणून धुण्याचं काम सकाळीच उरकायचं. जोडल्यावर शेवटी कोपऱ्यात डोकावायचं: मशीन बंद असताना झडप खाली पडून भोक उघडं दिसलं पाहिजे.

"आणि जंतू?" काकूंनी विचारलं. प्रश्न रास्त होता. एकाच माणसाची, घरातली वस्तू आहे. साबण, पाणी आणि कोरडं करणं एवढं तिला पुरतं. सर्दी-ताप असेल त्या दिवसांत सगळेच भाग रोज धुवावेत. प्रतिकारशक्ती फारच कमी असलेल्या रुग्णाचं डॉक्टरांना वेगळं विचारावं. मास्क दुसऱ्याला वापरायला द्यायचा असेल तर मात्र ही घरगुती पद्धत चालत नाही.

भांड्यासाठी मेडिकलमधलं डिस्टिल्ड वॉटर. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं ते श्वासासाठी नाही. ते एखाद्या रात्री संपलं तर फिल्टरचं चालेल, बोअरचं नको. उरलेलं पाणी सकाळी ओतून द्यायचं, त्यातच भर घालत राहायचं नाही. खरपुडीसाठी एक भाग पांढरं व्हिनेगर आणि नऊ भाग पाणी घालून भांडं भिजत ठेवलं. बरीचशी निघाली, तळाच्या पत्र्यावरचा डाग राहिला.

निघताना विचारायचं म्हणून विचारलं, घरात कोणाला पेसमेकर आहे का? काकांच्या पट्ट्यांची टोकं चुंबकाची आहेत. असे मास्क पेसमेकर आणि शरीरात बसवलेल्या तत्सम उपकरणांपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवायचे असतात. शेजारी झोपणाऱ्यालाही हे लागू आहे. काकूंना काही नव्हतं. पण व्याह्यांना आहे आणि ते आले की काकांच्याच खोलीत झोपतात, हे मुलाला तिथे आठवलं. वेगळी गादी आहे म्हणाला, ते पुरे.

सगळ्यात जास्त वेळ पट्ट्यांना गेला. काकांना उताणं झोपवून मशीन चालू केलं, मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून पुन्हा टेकवला, म्हणजे पापुद्रा फुगायला वाव मिळतो, आणि पट्टे सैल करत गेले. त्यांचा विश्वासच बसेना. "एवढा सैल? निघून जाईल की!" मग मी त्यांना कुशीवर वळायला सांगितलं. मास्क जागचा हलला नाही आणि पडद्यावरचा गळतीचा आकडा शून्याजवळ होता.

पुढे

महिन्याभराने कार्ड पुन्हा आलं. गळती ११ लिटर, श्वास अडण्याचं प्रमाण तासाला ३ च्या आत, वापर सहा तासांच्या वर. दाब होता तोच. डोळ्यांची चुरचुर पहिल्या आठवड्यातच थांबली. नाकावरच्या व्रणाला वेळ लागला, मधुमेहात लागतोच. त्याच्यावर आता जेलीऐवजी रात्री काहीच लावत नाहीत.

तेलाचा तंटा मात्र मिटलेला नाही. काका टाळूवर तेल घातल्याशिवाय झोप येत नाही म्हणतात, काकू घालू देत नाहीत. सध्या तोड अशी निघाली आहे की तेल सकाळी आंघोळीआधी. पट्टे अजून जुनेच आहेत आणि त्यांचा ताण कमी झालाय, हे आलेखात पहाटे चारनंतर दिसणाऱ्या छोट्या चढावरून कळतं. दिवाळीनंतरच्या तपासणीला नवीन पट्टे घेऊन यायला सांगितलं आहे. मुलाने ओझोनचा डबा विकायला काढला होता. तो कोणा दुसऱ्या पेशंटच्या घरी जाऊ नये म्हणून ई-कचऱ्यात टाक, असं मी त्याला सांगितलं.